नारळाला कळलेलं अर्थशास्त्र

नारळ उठला आणि घोगरमळ्याच्या मारुतीपुढल्या मंडपात एकच गलका झाला.

"उठला, उठला!"

"आगं पन कुनावर उठला?"

"रतनवर! अंगनवाडीत मदतनीस हाय न्हाई का, हनुमंताची बायको!"

"तिच्यावर उठतोय, मग आमच्या पोरावर उठाया ह्याला काय झालं हुतं?"

तीनेकशे माणूस असेल. व्यासपीठावर पाट मांडलेला, पाटावर रतन मांडी घालून, डोळे घट्ट मिटून बसलेली. तिच्या डोक्याच्या वर वीतभर अंतरावर ज्ञानगंगानाथ महाराजांचा उजवा तळहात आणि तळहातावर आडवा नारळ. आधी तो जरासा हलला. मग सकाळी शाळेला उठवलेल्या पोरासारखा, नको नको म्हणत, सावकाश वर आला आणि शेंडी आभाळाकडे करून ताठ उभा राहिला. पोरांचे मोबाईल वर गेले. सरपंच कारभारीअण्णांनी कशाबद्दल ते न विचारता टाळ्या सुरू केल्या.

"पक्कं!" महाराज माईकमध्ये गरजले. "बारावीचं अर्थशास्त्र, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, पक्कं!"

रतनला यातलं काही दिसलं नाही. एवढ्या माणसांत चमत्कार न पाहिलेली ती एकटीच होती, कारण तो तिच्यावर झाला होता.

महाराज काही आभाळातून पडलेले नव्हते. आठ-नऊ वर्षांमागं ते छगन पाणाडी होते. तळहातावर नारळ घेऊन लोकांच्या रानातून हिंडायचे. जिथं नारळ उभा राहील तिथं बोअर घ्यायचं, हा आमच्या भागातला जुना रिवाज. बोअरच्या गाडीआधी नारळवाल्याला बोलावणं जातं. काही ठिकाणी पाणी लागायचं, बऱ्याच ठिकाणी फुफाटा निघायचा. फुफाटा निघाला की छगनराव म्हणायचे, "पाणी हुतं, तुमी येळ चुकवली." पुढं पुढं लोक फुफाट्याला कंटाळले. पण छगनरावांना एक गोष्ट बरोबर कळली. जमिनीखालचं पाणी आटतं, पोरांच्या परीक्षेची काळजी कधी आटत नाही. त्यांनी नारळ तोच ठेवला, रान बदललं. जमिनीवरून उचलला आणि माणसांच्या डोक्यावर धरला.

भाषण मात्र नवं बसवलं होतं.

"मायबापहो! मेंदूला चौदा कप्पे. त्यातले तेरा जन्मापासून कुलूपबंद! एका कप्प्यावर तुमचं लेकरू शाळा शिकतंय, ते नापास होईल नाही तर काय कलेक्टर होईल? आपला उपाय सोपा. एक पारायण, एक कुलूप! सात दिवस, सात पारायणं, सात कुलपं खटाखट! न्यूरॉनला न्यूरॉन जुळला, लहरीला लहर लागली, की नारळ आपोआप उठतो. पाणी जमिनीखाली दोनशे फुटांवर असलं तरी त्याला दिसतं. मग डोक्यातली विद्या दिसायला किती वेळ?"

तेरातून सात गेली की सहा कुलपं उरतात, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. महाराजांच्या ध्यानात होतं. उरलेली सहा माघातल्या दुसऱ्या सप्ताहात, वेगळ्या दक्षिणेवर उघडणार होती.

गाव फसलं ते या पारायणाला. आमच्याकडं गावोगाव सप्ताह बसतो. मंडप, माईक, आमटी-भाकरीची पंगत, सगळं अंगवळणी पडलेलं. ग्रंथ पहिल्या ओवीपासून शेवटच्या ओवीपर्यंत वाचून काढायचा, ही सवय हाडात भिनलेली. महाराजांनी ग्रंथाच्या जागी पाठ्यपुस्तक ठेवलं, एवढंच. कोणाला त्यात वावगं वाटलं नाही. फक्त एक फरक कोणी ध्यानात घेतला नाही. ग्रंथ वाचून झाल्यावर देव प्रश्नपत्रिका काढत नाही. बोर्ड काढतं.

रतनचं वय एकोणचाळीस. अकरा वर्षं ती अंगणवाडीत मदतनीस होती. खिचडी शिजवणं, पोरं गोळा करून आणणं, शेंबडं नाक पुसणं आणि सेविकाबाई मीटिंगला गेल्या की पोरांना शिकवणंही. सेविकाबाई जूनमध्ये निवृत्त होणार होत्या. ती जागा रतनला मिळण्यासारखी होती, पण त्या जागेला बारावी पास लागते. बाहेरून बसून तिनं बाकीचे विषय काढले होते. अर्थशास्त्र तेवढं राहिलं होतं. एकदा तेवीस, एकदा सत्तावीस. आता फेब्रुवारीत तिसरी खेप. ती हुकली तर जूनमध्ये बाहेरून कोणीतरी चोवीस वर्षांची मुलगी येऊन खुर्चीवर बसणार आणि रतननं शिकवलेली पोरं तिला दाखवून म्हणणार, "ह्या बाई, आणि ह्या खिचडीच्या मावशी."

म्हणून ती सप्ताहाला बसली. सात दिवसांत पुस्तक सात वेळा मोठ्यानं वाचलं. पहिल्या दिवशी एकेक वाक्य खडीसारखं दाताखाली यायचं. चौथ्या दिवशी जीभ सुटली. सातव्या दिवशी तर पान उलटायच्या आत पुढचं वाक्य ओठांवर. त्यामुळं नारळ उठल्याचं सगळ्यांना नवल वाटलं, तिला नाही.

"नारळाला आज कळलं," ती घरी हनुमंताला म्हणाली. "मला कालच कळलं होतं."

"मग आता?"

"आता काय? ठेवलं पुस्तक फडताळात. डोकं शिणवू नका म्हणालेत महाराज. विद्या मुरू द्यायची."

"लोणच्यावानी?" हनुमंतानं विचारलं. रतननं त्याच्याकडं असं बघितलं की तो ट्रॅक्टरला डिझेल टाकायला निघून गेला.

विद्या आठवडाभर मुरली. मग रतनला राहवेना. गावातच नियाज सर राहायचे, नेवाशाच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचे. ती त्यांच्या ओट्यावर गेली.

"सर, एक पेपर काढून द्या की. तयारी झालीये, नुसता हात मोकळा करायला."

सरांनी पाच प्रश्न लिहून दिले आणि आत निघून गेले. पहिला प्रश्न मागणीच्या लवचिकतेचा. रतन खूश झाली, कारण तिला ते पान लख्ख दिसलं. डाव्या बाजूचं पान. वर चौकट, खाली आकृती, कोपऱ्यात भाकरीच्या पिठाचा डाग. पानावरचं सगळं दिसत होतं, फक्त अक्षरं तेवढी दिसत नव्हती. तिनं दुसरा प्रश्न घेतला. तिथंही पान आलं, अक्षरं आली नाहीत. तासाभरानं कागदावर अकरा ओळी होत्या आणि त्यातल्या चार नुसत्या प्रश्न उतरवलेल्या.

"पन्नासातले सहा," सर म्हणाले. "त्यातले दोन अक्षर सुंदर आहे म्हणून."

रतनचा चेहरा लाल झाला. "सर, मला सगळं येत होतं हो! पुस्तक उघडा, आत्ता दाखवते."

"पुस्तक उघडल्यावर मलाही सगळं येतं, ताई."

"मग सात वेळा वाचलं ते काय पाण्यात गेलं?"

सरांनी चहाचा कप तिच्याकडं सरकवला. "मला सांगा, बाजारात कधी असं होतं का? एखादी बाई हसत जवळ येते, पोरांची चौकशी करते, तुम्हीही हसून बोलता. आणि ती गेल्यावर तुम्ही म्हणता, ही कोण बरं होती?"

"दर बाजाराला होतंय! परवाच एकीनं मला मिठी मारली. अजून आठवेना."

"तोंड ओळखीचं, नाव येत नाही. तुमचं आणि पुस्तकाचं तेवढंच झालंय. सात वेळा भेट झाली, ओळख वाढली. आणि मेंदूची एक खोड आहे. ओळखीचं दिसलं की तो आळसावतो. म्हणतो, हे तर आपल्याला येतंच. पेपरात पुस्तक समोर येत नाही, ताई. तिथं नाव सांगावं लागतं."

घरी येऊन तिनं महाराजांना फोन लावला. पलीकडून आवाज आला, "माउली, विद्या आहे, पण श्रद्धेला गळती लागली. माघात या. सहा कुलपं राहिलीत."

दुसऱ्या दिवशी दुपारी रतन शेजारच्या गोजरबाईंच्या पडवीत मेथी निवडत बसली होती, म्हणजे काड्या पाटीत आणि पानं खाली टाकत होती. गोजरबाई सत्तरी ओलांडलेल्या. बँकेत अंगठा उठवायच्या, पण भजनात उभ्या राहिल्या की चार-पाचशे अभंग तोंडपाठ.

"काय गं रतने, भाजीवर कशाचा राग?"

रतननं सगळं सांगितलं. शेवटी चिडून म्हणाली, "मावशी, तुमाला एवढे अभंग पाठ कसे हो? किती येळा वाचायचात?"

"कशानं वाचू? मला यष्टीची पाटी वाचाया येत न्हाई."

"मग?"

"मग काय? दोनदा ध्यान दिऊन ऐकायचं. आन घरी यून भाकरी थापताना आपल्या आपन म्हनून बघायचं. दोन वळी यायच्या, तिसरीला गाडी रुतायची. रुतली तर रुतू द्यायची. लगी कुनाला इचारायचं न्हाई. निम्म्या भाकरी करपायच्या माज्या. सासू बोलायची. पन दुसऱ्या दिशी भजनात तीच वळ आली की अशी टचकन काळजात जाऊन बसायची, मग जन्मात हालत न्हवती."

"आणि परत विसरलात तर?"

"इसरायचंच की! इसरल्याबिगार पाठ कसं हुईल? दोन दिस सोडायचं, म्हनून बघायचं. आठ दिस सोडायचं, पुन्ना म्हनून बघायचं. आन कायम पयल्यापास्नं म्हनायचं न्हाई. मधनंच उचलायचं. पयल्यापास्नं म्हनलं की एक वळ म्होरल्या वळीचा पदर धरून येती. त्यात म्हननारनीची काय हुशारी?"

रतनच्या हातातली मेथीची काडी तशीच राहिली. गोजरबाईंना अक्षर येत नव्हतं. पुस्तक उघडून बघायची सोयच नव्हती. म्हणून प्रत्येक वेळी त्यांनी डोक्यालाच विचारलं. आणि आपण सात दिवस काय केलं? प्रत्येक वेळी पुस्तकाला विचारलं. पुस्तक बिचारं दर वेळी बरोबर उत्तर देत राहिलं. पुस्तकाचा अभ्यास पक्का झाला, आपला राहिला.

त्या दिवसापासून अंगणवाडी सुटली की रतन गोजरबाईंच्या पडवीत. एक मुद्दा दोनदा समजून वाचायचा, पुस्तक मिटून मावशीच्या मांडीवर ठेवायचं आणि त्यांना सांगायचं.

"किंमत वाढली की मागणी कमी होते. पण सगळ्याच वस्तूंची सारखी नाही. मागणीतील शेकडा बदल भागिले किमतीतील..."

"थांब. ह्यो तू मंतर म्हनलीस. इस्कटून सांग."

रतन गडबडली. वाक्य येत होतं, अर्थ येत नव्हता. बराच वेळ ती छताकडं बघत राहिली. मग म्हणाली, "असं बघा. मीठ महाग झालं म्हणून तुम्ही आमटी अळणी करता का?"

"न्हाई बा."

"मग मिठाची मागणी अलवचीक. भाव वाढला तरी हालत नाही. आणि घोडेगावच्या बाजारातली भेळ दुप्पट झाली तर?"

"घरी यून मुरमुरं खाईन."

"ती लवचीक!"

"आगं मग सरळ म्हन की, एक नडीचं आन एक चैनीचं. ह्याच्यासाठी कॉलेजात जात्यात व्हय?"

पण दोन दिवसांनी अचानक, पाणी भरता भरता, मावशी ओरडून विचारायच्या, "रतने, त्ये हालत न्हाई त्येला काय म्हनत्यात गं?" आणि रतनला हंडा खाली ठेवून आठवावं लागायचं. आज मागणी, उद्या पुरवठा, परवा पुन्हा मागणी आणि मध्येच निर्देशांक. सगळी सरमिसळ. चुकायची, अडायची, कधी तर मंडपातली ती सातव्या दिवसाची गंमत आठवून रडू यायचं. तिथं वाटत होतं सगळं येतंय. इथं वाटत होतं काहीच येत नाही.

तिनं सरांना तसं सांगितलं तर ते हसले. "गाडीवर मागं बसून नगरला गेलात तर प्रवास कसा होतो? आरामात. पण वाट सांगता येते का? हँडल हातात घेतलं की चार वेळा चुकता, पाचव्यांदा वाट तुमची. मेंदूचंही तसंच आहे. जे आठवायला त्याला झटावं लागतं ते तो कामाचं समजून ठेवतो. आणि ठेवायचं काम बरंचसं झोपेत करतो, तेव्हा जागरणं करू नका."

संक्रांतीच्या सुमारास सरांच्या ओट्यावर पन्नासातले एकोणीस पडले. पुढच्या पंधरवड्यात एकतीस.

आणि मग फाट्यावर फ्लेक्स लागला.

हनुमंतानं ट्रॅक्टरवरून फोन केला. "आगं, तू फाट्यावर हायस."

"मी घरात आहे."

"न्हाई, लई मोठी हायस. महाराजांच्या शेजारी."

रतन बघायला गेली. दहा फुटी फ्लेक्स. 'माघ सप्ताह. उरलेली सहा कुलपं.' खाली डोळे मिटलेली ती आणि ओळ: 'सौ. रतन, अर्थशास्त्र पक्कं!' ती बघतच राहिली. म्हणजे पास झालो तर नारळानं केलं, नापास झालो तर आपल्या श्रद्धेला गळती. आपण पडवीत बसून घाम गाळला, तो कुठंच नाही.

तेवढ्यात सायकलवरून पूजा आली. गावातलीच, यंदा बारावीला. "काकू, तुमच्यासारखं माझ्यावर पण उठला होता ना! इतिहासावर. दीड महिना मी पुस्तकच उघडलं नाही."

"मग कसं वाटतंय?"

"मस्त! सगळं ओळखीचं वाटतंय."

तिथूनच रतन नियाज सरांकडं गेली, जाताना दुकानातून नारळ घेऊन. आणि गोजरबाईंनाही बोलावलं.

माघ सप्ताहाचा शेवटचा दिवस. मंडप आधीपेक्षा मोठा, गर्दी दुप्पट. महाराजांनी भाषण रंगात आणलं. "...दोनशे फुटांवरचं दिसतं, मायबापहो! मग डोक्यातलं..."

"महाराज," रतन उठून उभी राहिली. अकरा वर्षं पोरांवर ओरडून आवाज खणखणीत झालेला. "मी फ्लेक्सवरची रतन. एक विनंती हाय."

"बोला, माउली! ह्यांच्यासाठी टाळ्या!" कारभारीअण्णांनी टाळ्या सुरू केल्याच होत्या.

"नारळाला दोनशे फूट मातीखालचं दिसतं, तर घोंगडीखालचं दिसेलच. तिकडं मारुतीच्या पारावर तीन पाट मांडलेत. त्यावर घोंगड्या पांघरलेले तिघं अर्थशास्त्रवाले बसलेत. कोण ते सांगत नाही. नारळानं सांगावं कुणाचं पक्कं आणि कुणाचं कोरं. लोकांना खात्री पटेल."

महाराजांनी एकदा पाराकडं बघितलं. पण गर्दीतून "व्हय व्हय, हून जाऊ द्या!" झालं आणि नाही म्हणायची सोय राहिली नाही. ते हसले. "नारळाला काय घोंगडी आणि काय भिंत!"

गर्दी पाराकडं वळली. तीन पाट, तीन काळ्या घोंगड्यांखाली तीन उंचवटे. महाराजांनी पहिल्या डोक्यावर तळहात धरला. डोळे मिटले. ओठ हलले. नारळ हलला आणि उठला.

"पक्कं! उत्तम अभ्यास!"

दुसऱ्या डोक्यावर नारळ आडवाच राहिला. महाराजांनी मान हलवली. "कोरं. ह्यांनी सप्ताह केला नाही. दिसतंय."

तिसऱ्या डोक्यावर हात गेला आणि नारळ असा ताडकन उठला की पुढच्या बायका मागं सरल्या. "अहाहा!" महाराजांना भरून आलं. "काय ही विद्या! काय ही शांती! चौदाही कप्पे उघडे!"

"झालं?" रतननं विचारलं. "बदलायचं असलं तर बदला."

"नारळाचा शब्द बदलत नाही."

रतननं पहिली घोंगडी काढली. आत गोजरबाई. "गोजरमावशी लई हुशार झाल्यात," कोणीतरी ओरडलं. मावशींनी अंगठा दाखवला, शाईचा उठवायचा असतो तो.

दुसरी घोंगडी काढली. आत नियाज सर, घामाघूम. एम.ए., अर्थशास्त्र, बावीस वर्षं शिकवण्याचा अनुभव आणि आत्ताच कोरे ठरलेले. "मला आधीच संशय होता," सर म्हणाले आणि कॉलेजची पोरं पोट धरून हसायला लागली.

तिसरी घोंगडी रतननं सावकाश ओढली. आत कांद्याची गोणी होती. गोणीवर अंगणवाडीचं खिचडीचं पातेलं उपडं ठेवलेलं.

आधी सावरले ते महाराजच. "मायबापहो, हे अन्नपूर्णेचं पातेलं आहे! ह्याच्यात सुद्धा चैतन्य..."

"मग पंधरा दिसांनी ह्येलाच बशीवता का पेपराला?" गोजरबाई म्हणाल्या.

त्यानंतरचं हसू नेवाशापर्यंत ऐकू गेलं असेल. रतननं ते ओसरू दिलं. मग स्वतःचा नारळ काढला, तळहातावर आडवा ठेवला.

"बघा. बुड मनगटाकडं, शेंडी बोटांकडं. बोटं एवढीशी वर करायची, कोणाला दिसणार नाही एवढी. वजन बुडाकडं सरकतं आणि तो बुडावर बसतो. लोकांचं लक्ष शेंडीकडं असतं, बोटांकडं नाही." नारळ उठला. "मी दोन दिवस सराव केला. तांदळाच्या डब्यावर उठला, शेळीवर उठला, आमच्या ह्यांच्या ट्रॅक्टरवर पण उठला. घ्या, करून बघा."

नारळ हातोहात फिरला. कारभारीअण्णांच्या तळहातावर तो उठला तेव्हा त्यांना इतका आनंद झाला की ते टाळ्या वाजवायला गेले आणि नारळ पायावर पडला. काहींच्या हातात त्यांनी काही न करताही उठल्यासारखा झाला. सरांनी समजावलं, माणूस मनात धरतो तसा हात नकळत हलतो, त्यात लबाडी असतेच असं नाही. "पण पातेल्यावरचं 'अहाहा' नकळत नव्हतं," ते म्हणाले.

या गोंधळात महाराजांची गाडी कधी निघाली ते कोणाला कळलं नाही. तरी सगळं गाव लगेच शहाणं झालं असं नाही. "घोंगडीच्या काळ्या रंगानं नारळ गोंधळला," असं म्हणणारे चारजण निघालेच. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गोजरबाईंच्या दारात सात बाया पोरांना घेऊन उभ्या. "मावशी, तुमी डोक्यावर हात ठिवा." मावशींनी पोरांना आत घेतलं, बायांना बाहेर काढलं आणि पूजाला पहिलं विचारलं, "सांग, काय वाचलंस? आन पुस्तक मिट आधी."

फेब्रुवारीतल्या पेपरला मागणीच्या लवचिकतेचा प्रश्न आला. रतनला या वेळी पान दिसलं नाही. तिला पडवी दिसली, मीठ आणि भेळ दिसली, आपण अडलो होतो ती जागा दिसली. तिथून ती लिहीत सुटली. मेमध्ये निकाल लागला. अर्थशास्त्रात चौसष्ट. पुढं अर्ज गेला, कागद फिरले, आणि जुलैत रतन सेविकेच्या खुर्चीत बसली. खिचडीचा वास अजून हाताला होताच, नवी मदतनीस यायची होती.

चौसष्टाची बातमी लांबवर गेली, जराशी वाढून. ऑगस्टात बेलापूरहून एक बाई आली, सोबत मुलगी राजनंदिनी, दहावीला. हातात हळदी-कुंकवाची पुडी. "बाई, आम्ही लई ऐकलंय. तुमी काय करता ते आमच्या पोरीवर करा. काय उपास असंल तर मी धरते, तिला जमायचं न्हाई."

रतनला हसू आलं आणि वाईटही वाटलं. ही बाई दोन एस्ट्या बदलून आली होती. पोरीसाठी उपाशी राहायला तयार होती. असल्या आयांच्या जिवावरच नारळ उठतात.

"बसा," ती म्हणाली. "तुमच्या पोरीवर कोणालाच काही करता येत नाही, ताई. मला नाही, देवाला नाही, नारळाला नाही. तिच्या डोक्यात तिचं तिलाच जावं लागतं. समजून वाचायचं, पुस्तक मिटायचं, आठवून बघायचं. चुकलं तर बघून दुरुस्त करायचं. दोन दिवसांनी परत, आठवड्यानं परत. रात्री झोपायचं. हे फुकट आहे, म्हणून कोणी फ्लेक्स लावत नाही. आणि उद्या कोणी म्हणालं की यापेक्षा सोपी वाट आहे, तर त्याला एवढंच विचारा, घोंगडी टाकून दाखवतोस का?"

मग ती मुलीकडं वळली. "काय वाचलंस आज एस्टीत?"

"विज्ञान. गुरुत्वाकर्षण."

"पुस्तक दे आईकडं. सांग."

राजनंदिनीनं दोन वाक्यं सांगितली. तिसऱ्याला थांबली. बोटं चोळू लागली, भिंतीवरच्या फळांच्या तक्त्याकडं बघू लागली. आईनं पुस्तक उघडून पहिला शब्द पुटपुटायला तोंड उघडलं.

रतननं तिच्या हातावर हात ठेवला. "थांबा. आत्ताच चाललंय काम."

आईनं पुस्तक मिटलं. मुलगी आठवत होती.